काळा विनोद : अर्थ, परंपरा आणि हसणाऱ्याची जागा
(शहापूर-मुरबाड परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :
काळा विनोद ही संज्ञा मराठी समीक्षेत पाश्चात्त्य साहित्यविचारातून आली. मृत्यू, भूक, हिंसा, दुष्काळ यांसारख्या विषयांवरील विनोद अशी तिची ढोबळ व्याख्या केली जाते. ही व्याख्या केवळ विषयावर आधारलेली असल्यामुळे क्रूर थट्टा, उपहास आणि काळा विनोद यांतील भेद तिच्यातून स्पष्ट होत नाही. प्रस्तुत लेखात विनोदाच्या विषयाऐवजी हसणाऱ्याची जागा हा निकष मांडला आहे. या निकषाच्या आधारे संत एकनाथांचे भारूड, सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण', दया पवारांचे 'बलुतं' आणि 'गाभ्रीचा पाऊस' हा चित्रपट यांचा विचार करून, शहापूर व मुरबाड तालुक्यांतील लोकभाषेत काळ्या विनोदाचे कार्य कसे चालते, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : काळा विनोद, हास्यरस, आत्मस्थ हास्य, उपहास, करुण, म्हणी, ग्रामीण व आदिवासी जीवन.

१. प्रस्तावना

विनोद म्हणजे आनंद देणारी, मनावरचा ताण हलका करणारी गोष्ट, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. मराठीतील विनोदी वाङ्मयाची मुख्य धाराही याच समजुतीला धरून विकसित झाली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे'मधून सामाजिक रूढींतील विसंगतीवर बोट ठेवले. राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांनी हा वारसा आपापल्या परीने समृद्ध केला. या विनोदात माणसाच्या दोषांवर हसू असले तरी त्याच्याविषयी आपुलकी असते आणि हसून झाल्यावर वाचकाचा जगाशी सलोखा होतो.

काळ्या विनोदात असा सलोखा होत नाही. वाचक हसतो आणि हसल्यानंतर अस्वस्थ होतो. 'आपण कशाला हसलो?' हा प्रश्न त्याच्या मनात उरतो. अभ्यासक्रमात काळ्या विनोदाची टिपण लिहिताना विद्यार्थी सामान्यतः 'मृत्यूसारख्या गंभीर विषयावरील विनोद' एवढेच लिहितात. हे उत्तर चूक नसले तरी अपुरे आहे. अपघातात मेलेल्या माणसाची चेष्टा करणाराही मृत्यूवरच विनोद करीत असतो. त्याला काळा विनोद म्हणायचे की निव्वळ निर्दयता? शहापूर-मुरबाडसारख्या भागात साहित्य शिकवताना आणि शिकताना हा प्रश्न केवळ पारिभाषिक राहत नाही. ज्या पाड्यांवर पाणी, मजुरी आणि आजारपण हे रोजच्या जगण्याचे विषय आहेत, तेथील माणसे या विषयांवर हसतातही. त्या हसण्याला अज्ञान समजायचे, असंवेदनशीलता समजायची की एक जाणती अभिव्यक्ती समजायची, याचा निर्णय समीक्षेला करावा लागतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन त्यातच आहे.

२. संज्ञेचा उगम

'ब्लॅक ह्यूमर' या संज्ञेला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली ती फ्रेंच अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेताँ याने. त्याने काळ्या विनोदाचे संकलन तयार केले व ते १९४० मध्ये छापले गेले. परंतु तत्कालीन विशी राजवटीच्या निर्बंधांमुळे ते १९४५ मध्येच वाचकांपर्यंत पोहोचू शकले. या संकलनात ब्रेताँने काळ्या विनोदाच्या प्रारंभाचा मान जोनाथन स्विफ्टला दिला. स्विफ्टने १७२९ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात आयर्लंडमधील गरिबांची मुले श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत, अशी सूचना अत्यंत शांतपणे, हिशेब मांडून केली आहे. या निबंधातील भयानकता सूचनेत आहे, तशीच ती हिशेबाच्या भाषेतही आहे.

सिग्मंड फ्रॉइडने विनोदाची मीमांसा करताना फाशीच्या तख्तावरील विनोदाचे उदाहरण दिले आहे. सोमवारी फाशी जाणारा कैदी आठवड्याची सुरुवात बरी झाल्याचे बोलून दाखवतो. १९२७ च्या आपल्या निबंधात फ्रॉइडने अशा विनोदाचा अर्थ लावला तो असा की, यात माणूस परिस्थितीला शरण जाण्याचे नाकारतो. परिस्थिती बदलणे त्याच्या हाती नसते. मात्र तिने आपल्याला किती दुखवावे, हे ठरवण्याचा अधिकार तो स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सॅम्युएल बेकेटची नाटके, जोसेफ हेलरची 'कॅच-२२' (१९६१) आणि कुर्ट व्हॉनेगटची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (१९६९) या कादंबऱ्या यांमुळे ही संज्ञा जगभर रूढ झाली. युद्ध, नोकरशाही आणि सामूहिक मृत्यू यांच्या अनुभवापुढे पारंपरिक शोकात्मिका अपुरी वाटू लागली, हे तिच्या प्रसाराचे एक महत्त्वाचे कारण होय.

मराठीत या संवेदनेची चाहूल बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहात लागते. पिंपातील मेलेल्या उंदरांवरील त्यांची कविता याचे ठळक उदाहरण आहे. मरणाचे वर्णन करतानाची तिच्यातील थंड अलिप्तता त्या काळातील वाचकाला अपरिचित होती.

३. भारतीय रसविचार आणि काळा विनोद

भारतीय काव्यशास्त्राच्या दृष्टीने 'काळा विनोद' हा शब्दप्रयोगच विरोधाभासी ठरतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला वर्ण आणि देवता सांगितल्या आहेत. त्यानुसार हास्याचा वर्ण शुभ्र आहे, तर कृष्ण वर्ण भयानक रसाचा आहे. पुढे विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त रसांमधील विरोध सांगताना हास्याचा विरोध करुण आणि भयानक या दोन्ही रसांशी दाखवला आहे. याचा अर्थ, जेथे शोक किंवा भय आहे तेथे हास्य टिकत नाही, असे परंपरा मानते. काळा विनोद नेमका या विरोधाच्या जागी उभा राहतो. तो हास्य आणि भय यांना एकाच वाक्यात आणतो आणि कोणत्याही एका रसाचा पूर्ण परिपोष होऊ देत नाही.

तरीही नाट्यशास्त्रातील दोन गोष्टी या संदर्भात उपयुक्त वाटतात. पहिली अशी की, हास्याची देवता प्रमथ, म्हणजे शिवाचे गण आहेत. स्मशानवासी देवाच्या सहचरांकडे हास्याचे अधिपत्य असावे, ही कल्पना सूचक आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भरतांनी हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार मानले आहेत. स्वतः हसतो ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवतो ते परस्थ, असा त्यांचा भेद आहे. येथे विनोदाच्या विषयापेक्षा हास्य कोठे वसते, याचा विचार केलेला आहे. हाच धागा पुढे नेऊन असे म्हणता येईल की, काळ्या विनोदाचा निर्णय करताना 'कशावर हसले' याच्या आधी 'कोण, कोठे उभे राहून हसले' हे विचारले पाहिजे.

या दृष्टीने तीन गोष्टी वेगळ्या करता येतात. आपत्तीबाहेरचा माणूस आपत्तीत सापडलेल्याला हसतो, ती निर्दय थट्टा होय. सुधारणा शक्य आहे या विश्वासाने दोषावर केलेला प्रहार म्हणजे उपहास होय. रमेश इंगळे उत्रादकर यांची 'निशाणी डावा अंगठा' (२००५) ही कादंबरी प्रौढ साक्षरता अभियानाच्या कागदोपत्री कारभाराचे जे चित्र रंगवते, ते प्रामुख्याने उपहासाचे आहे. अभियान नीट राबवता आले असते, ही शक्यता त्यात गृहीत आहे. काळ्या विनोदात मात्र आपत्तीतला माणूस स्वतः हसतो, किंवा लेखक आपत्ती घडवणाऱ्या व्यवस्थेचीच भाषा तोंडी घेऊन ती तिच्या तार्किक शेवटापर्यंत नेतो. स्विफ्टचा निबंध या दुसऱ्या प्रकारात मोडतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान असते : भोगणारा माणूस हास्याचा विषय होत नाही.

४. मराठी परंपरेतील रूपे

काळा विनोद ही आयात केलेली वस्तू आहे, असा एक समज आढळतो. संज्ञा आयात झाली हे खरे. परंतु वृत्ती येथील लोकभाषेत पूर्वीपासून आहे. 'दुष्काळात तेरावा महिना' या म्हणीत उपाशी माणसाने पंचांगाची केलेली चेष्टा आहे. बारा महिने काढणे कठीण असताना अधिक मास येतो, आणि त्याचाही दोष कोणाला देता येत नाही. 'उघड्याकडे नागडे गेले आणि सारी रात्र हिवाने मेले' या म्हणीत तर दारिद्र्याची व्यवहारनीतीच सांगितली आहे. गरिबाने गरिबाकडे आसरा मागावा आणि दोघांनाही पांघरूण नसावे, यातील हास्य त्या दोघांचेच आहे. 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो' या म्हणीतील 'काळ' हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीत 'काळ' म्हणजे समय, मृत्यू आणि दुष्काळही. त्यामुळे 'काळा विनोद' या अनुवादित संज्ञेला मराठीत आपोआप एक वेगळी खोली प्राप्त होते.

संत एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडात सासुरवाशीण भवानीआईला नवस बोलते. सासरच्या एकेका माणसाचे वाईट व्हावे, कोणी मरावे, कोणाला व्याधी जडावी, अशी मागणी ती क्रमाने करते आणि अखेरीस आपल्याला एकटीला राहू दे, असे मागते. या भारुडाचा आध्यात्मिक अर्थ विकारांच्या निर्दालनाशी जोडला जातो आणि तो यथार्थच आहे. परंतु सोंग घेऊन हे भारूड सादर होताना समोरच्या बायका हसतात त्या केवळ आध्यात्मिक अर्थाला नव्हे. उघडपणे जे बोलता येत नाही, ते देवीच्या साक्षीने, नवसाच्या पवित्र चौकटीत बोलून दाखवण्याची सोय या रचनेने केली आहे. हसणारी स्त्री येथे जाचाबाहेर उभी नाही. ती जाचाच्या आत उभी राहून हसते. आत्मस्थ हास्याचे हे उत्तम उदाहरण होय.

५. 'महानिर्वाण' : मेलेल्या माणसाचे कीर्तन

आधुनिक मराठी रंगभूमीवर काळ्या विनोदाचे सर्वांत समर्थ रूप सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' या नाटकात दिसते. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७४ मध्ये ते रंगभूमीवर आणले. चाळीत राहणारे भाऊराव मरण पावतात आणि आपल्याच मरणावर कीर्तन करू लागतात. त्यांचा आग्रह एकच : आपले दहन जुन्या स्मशानातच व्हावे. ते स्मशान बंद झालेले असते. प्रेत ताटकळत राहते. चाळकऱ्यांची अडचण होते, पत्नी रमाचे मन दुसरीकडे ओढ घेऊ लागते आणि वडिलांना मार्गी लावण्याचे काम मुलगा नाना याच्यावर येऊन पडते.

या नाटकातील विनोद मृत्यूविषयी आहे असे म्हणण्यापेक्षा मृत्यूभोवतीच्या व्यवस्थेविषयी आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. शोक करण्याची रीत, शेजाऱ्यांची सांत्वनाची भाषा, विधींचा क्रम, नगरपालिकेचा निर्णय या साऱ्या गोष्टी आपापल्या जागी सुरळीत चालू असतात; अडचण फक्त मेलेल्या माणसाची होते. कीर्तन हा आकृतिबंध येथे विशेष अर्थपूर्ण आहे. कीर्तनकार पूर्वरंगात देहाच्या नश्वरतेचे निरूपण करतो आणि उत्तररंगात दुसऱ्या कोणाच्या आख्यानाने ते पटवून देतो. भाऊराव मात्र निरूपणाचा विषयही स्वतःच आणि आख्यानाचा नायकही स्वतःच. आपले मरण आपण पाहिल्याचा अनुभव तुकारामांनी मुक्तीच्या आनंदाने सांगितला; भाऊरावांना तोच अनुभव मुक्तीवाचून मिळतो. भक्तिपरंपरेतील एक परमोच्च अवस्था मध्यमवर्गीय चाळीच्या जिन्यात अडकून पडते.

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकाशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. तेथेही चाळ आहे, सामूहिक जीवन आहे आणि त्याच्या लयाची हुरहुरही आहे. परंतु तेथील विनोद चाळकऱ्यांना अखेर आपलेसे करतो. 'महानिर्वाणा'तील चाळ कोणालाच आपलेसे करीत नाही, आणि तेथे हसण्याचा पहिला अधिकार मेलेल्या माणसाकडे असतो. प्रेक्षक त्याच्या परवानगीने हसतो.

६. 'बलुतं' आणि 'गाभ्रीचा पाऊस' : भोगणाऱ्याची दृष्टी

मध्यमवर्गीय चाळीत मृत्यू ही अडचण असते. जेथे भूक आणि अपमान हा नित्याचा अनुभव आहे, तेथे काळा विनोद कोणते रूप घेतो, हे पाहण्यासाठी दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) महत्त्वाचे ठरते. मुरबाडच्या घाटमाथ्यापलीकडील अकोले तालुक्यातला आणि मुंबईतला महारवाड्याचा अनुभव या आत्मकथनात येतो. येथे निवेदक दोन भागांत विभागला आहे : सांगणारा दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार. एकाच माणसाचे हे दोन भाग एकमेकांशी बोलतात, त्यामुळे भोगणे आणि भोगाकडे पाहणे यांत एक अंतर निर्माण होते. या अंतरातच हास्याला जागा मिळते. दगडूने स्वतःच्या फजितीवर हसावे आणि वाचकाने त्यावर हसताना संकोचावे, अशी ही रचना आहे. वाचकाचा तो संकोच हे कृतीचे सामाजिक कार्य होय.

सतीश मनवर दिग्दर्शित 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटाने विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय काळ्या विनोदाच्या अंगाने हाताळला. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यानंतर अलका या शेतकरी स्त्रीला भय वाटू लागते की, आपला नवराही तसेच करील. ती लहान मुलाला आणि सासूला त्याच्यावर पाळत ठेवायला लावते. किसना शेतात गेला, घरी यायला थोडा उशीर झाला किंवा जरा गप्प बसला, की घर धास्तावते. नवऱ्याला जगवण्यासाठी चाललेली ही धडपड त्याला कळत नाही आणि त्यातून हास्य निर्माण होते. प्रेक्षक हसतो तेव्हा त्याला ठाऊक असते की, अलकाची भीती निराधार नाही.

या चित्रपटाची सामाजिक पार्श्वभूमी पाहिली तर वास्तव स्वतःच काळ्या विनोदाच्या भाषेत बोलत असल्याचे लक्षात येते. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणी कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देण्याची शासकीय योजना आली. ती देताना मृत्यूची चौकशी होते आणि प्रकरणे 'पात्र' व 'अपात्र' अशी विभागली जातात. कर्ज, नापिकी, परतफेडीचा तगादा यांचे पुरावे नसतील तर आत्महत्या अपात्र ठरते. प्रशासनाला निकष लागतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु 'अपात्र आत्महत्या' हा शब्दप्रयोग कोणा विनोदी लेखकाने रचलेला नाही. तो फायलींत रीतसर वापरला गेला. स्विफ्टने हिशेबाची जी भाषा मुखवटा म्हणून घेतली होती, ती येथे मुखवट्याशिवाय उपलब्ध आहे. अशा वेळी लेखकाला अतिशयोक्ती करावी लागत नाही, केवळ अवतरण द्यावे लागते. विदर्भातील फायलींच्या भाषेत जे दिसते, तेच ठाणे जिल्ह्यात पाण्याच्या वाटणीत दिसते.

७. शहापूर-मुरबाड : धरणांच्या सावलीतील भाषा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या ठाणे जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाड हे ग्रामीण व आदिवासी वस्तीचे प्रमुख तालुके होत. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या जमातींचे पाडे या तालुक्यांत आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश भरपूर पावसाचा आहे. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे भातसा धरण झाले आणि मुंबईच्या पाणीपुरवठ्यातील सर्वांत मोठा वाटा त्याचा झाला. मुरबाड तालुक्यातील गावांची जमीन बारवी धरणाच्या बुडिताखाली गेली. त्या धरणाचे पाणी औद्योगिक वसाहतींना आणि कल्याण, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील शहरांना मिळते. याच शहापूर तालुक्यात उन्हाळा आला की अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

या परिस्थितीतून एक वाक्प्रचार सर्वतोमुखी झाला आहे : 'धरण उशाला, कोरड घशाला'. या वाक्प्रचाराची रचना पाहण्यासारखी आहे. 'उशाला' हा शब्द झोपेचा, विसाव्याचा, घरगुती निकटतेचा आहे. उशाशी तांब्याभर पाणी भरून ठेवण्याची आपली रीत आहे. रात्री तहान लागली तर हात लांबवला की पुरे. येथे तांब्याच्या जागी अख्खे धरण आले आहे आणि हात लांबवूनही पाणी मिळत नाही. 'उशाला' आणि 'घशाला' या यमकामुळे वाक्य ओठावर सहज खेळते. आशय तक्रारीचा असून घाट उखाण्यासारखा आहे. काळ्या विनोदाची सर्व लक्षणे या चार शब्दांत एकवटली आहेत.

परंतु याच वाक्प्रचाराचा दुसरा वापरही आढळतो. दर उन्हाळ्यात वृत्तपत्रांच्या बातम्यांना हा मथळा दिला जातो. शब्द तेच असतात. हसणाऱ्याची जागा मात्र बदललेली असते. डोक्यावर हंडा घेऊन उताराने येणारी स्त्री हे वाक्य बोलते तेव्हा ती परिस्थितीला नाव देते, आणि त्या नाव देण्यात तिचा स्वाभिमान असतो. मथळ्यात तेच वाक्य भाषेचा अलंकार होते. वाचणारा त्याच धरणाचे पाणी नळाने घेत असतो, पण मथळा त्याला त्याची आठवण करून देत नाही. काळा विनोद भोगणाऱ्याच्या तोंडून निघून पाहणाऱ्याच्या हाती गेला की त्याची धार जाते, हे यावरून दिसून येते. हेच कारण आहे की, केवळ शब्द किंवा विषय पाहून काळ्या विनोदाचा निर्णय करता येत नाही.

कातकरी समाजाचे उदाहरणही येथे विचारात घेता येईल. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्यासाठी मालकाकडून आगाऊ रक्कम घ्यायची आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ती कामाने फेडायची, हे या समाजातील अनेक कुटुंबांचे वर्षचक्र राहिले आहे. मिलिंद बोकील यांनी 'कातकरी : विकास की विस्थापन?' या पुस्तकात या समाजाच्या प्रश्नांची चिकित्सा केली आहे. ज्याने दुसऱ्याच्या घराच्या विटा पाडायच्या त्याचे स्वतःचे घर कुडाचे, ही विसंगती आहे. पण ती कोणी सांगायची? बाहेरच्या लेखकाने ती सांगितली तर बहुधा करुणेचा सूर लागतो. करुणा वाईट नाही, परंतु तिच्यात सांगणारा वर उभा असतो आणि ज्याच्याविषयी सांगायचे तो खाली. तीच विसंगती भट्टीवरच्या माणसाने हसून सांगितली तर सांगणारा आणि ऐकणारा एका पातळीवर येतात. किंबहुना ऐकणाऱ्यालाच खाली पाहावे लागते.

८. एक आक्षेप आणि त्याचा विचार

काळा विनोद माणसाला सोसायला शिकवतो, लढायला नाही, असा आक्षेप घेतला जातो. दुःखावर हसता आले की त्याची बोच कमी होते आणि अन्याय चालू राहतो. ठाणे जिल्ह्याचा इतिहास पाहता हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यात झालेल्या वारल्यांच्या उठावाची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली. वेठबिगारीविरुद्धचा तो लढा विनोदाने नव्हे, संघटनेने उभा राहिला.

तथापि, हा आक्षेप विनोदाकडून जे मागू नये ते मागतो. विनोद हा संघटनेचा पर्याय नाही. त्याचे कार्य त्या आधीचे आहे. आपल्यावर जे ओढवले आहे ते नैसर्गिक नाही, नशिबाचे नाही, ते विसंगत आहे, हे ओळखल्याशिवाय हसता येत नाही. 'धरण उशाला' म्हणणाऱ्या माणसाने पाणी कोठे आहे आणि कोठे जाते, याचा हिशेब मनात मांडलेला असतो. ज्याला आपली तहान दैवगती वाटते, त्याला हे वाक्य सुचणार नाही. म्हणून काळा विनोद हा सोसण्याचा पुरावा असला, तरी तो अजाणतेपणाचा पुरावा खचित नव्हे. मात्र तो पुन्हा पुन्हा उच्चारून गुळगुळीत झाला, किंवा वर म्हटल्याप्रमाणे मथळ्यात स्थिरावला, की आक्षेपकाचे म्हणणे खरे ठरू लागते. तेथे दोष विनोदाचा नसून त्याच्या स्थलांतराचा असतो.

९. अध्यापन आणि लेखन यांविषयी

वरील विवेचनाला एक व्यावहारिक बाजू आहे. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी 'गाभ्रीचा पाऊस' पाहताना किंवा 'बलुतं' वाचताना अनपेक्षित ठिकाणी हसला, तर त्याला गांभीर्य कळले नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये. त्या जगण्याशी त्याचा अधिक निकटचा संबंध असण्याची शक्यता असते. तो आतून हसतो की बाहेरून, हे विचारून घेणे ही अध्यापकाची जबाबदारी आहे. तसेच पाड्यांवरील बोली, नावे ठेवण्याच्या पद्धती, तमासगिरांच्या आणि सोंगांच्या परंपरा, टँकरभोवतीच्या गप्पा यांचे संकलन करताना केवळ गाणी आणि कथा नोंदवल्या जातात; विनोद बहुधा गळून जातो. तो क्षुल्लक समजला जातो, किंवा नोंदणाऱ्यासमोर बोललाच जात नाही. हे संकलन त्या त्या समाजातील विद्यार्थ्यांनी केले तर ते अधिक विश्वसनीय होईल. त्यांतूनच उद्याचे लेखक घडतील आणि मथळ्यात गेलेले वाक्य पुन्हा त्याच्या मूळ मालकाच्या तोंडी येईल, अशी अपेक्षा करता येते.

१०. निष्कर्ष

१) काळ्या विनोदाची व्याख्या केवळ मृत्यू, भूक, हिंसा या विषयांच्या आधारे करता येत नाही. हसणारा कोठे उभा आहे, हा निकष अधिक निर्णायक आहे.

२) निर्दय थट्टेत भोगणारा हास्याचा विषय असतो, काळ्या विनोदात तो हास्याचा कर्ता असतो, किंवा व्यवस्थेची भाषा हास्याचा विषय असते.

३) संज्ञा पाश्चात्त्य असली तरी वृत्ती मराठी म्हणी, भारूड आणि लोकभाषा यांत पूर्वापार आहे. हास्याचा करुण व भयानक यांच्याशी असलेला शास्त्रोक्त विरोध लोकपरंपरेने आधीच ओलांडला होता.

४) 'महानिर्वाण', 'बलुतं' आणि 'गाभ्रीचा पाऊस' या कलाकृती माध्यमाने आणि अनुभवविश्वाने भिन्न असल्या, तरी हसण्याचा पहिला अधिकार त्या भोगणाऱ्याकडे ठेवतात.

५) शहापूर-मुरबाड परिसरात वास्तवातील विसंगतीच इतकी तीव्र आहे की, तेथे काळा विनोद हे वाङ्मयीन तंत्र होण्याआधी बोलीभाषेतील एक जाणती कृती म्हणून आढळतो. समीक्षेने त्याची दखल घेताना तो कोणाच्या तोंडचा आहे, हे विसरता कामा नये. भातसाचे पाणी पिऊन हा विनोद वाचणाऱ्याने हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढी अपेक्षा त्या विनोदातच अनुस्यूत आहे.